कॅलेंडरावरचं आइसलँड

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला एक कॅलेंडर लटकलेलं असतं. वर्षानुवर्षं मी त्यावर तेच ते लिहीत आले आहे: गॅस लावला, कलमांना फवारणी, आंब्यांची अढी घातली, घंटागाडी आली नाही. गेल्या वर्षीचं कॅलेंडर मात्र मी रद्दीत घातलेलं नाही, कारण त्यात या सगळ्याच्या अधेमधे एक परका देश घुसला आहे. एका चौकटीत लिहिलंय 'गॅस लावला' आणि त्याच्याच खाली 'ज्वालामुखी फुटला'. कुणी पाहिलं तर वाटेल, दुसरं पहिल्यामुळे झालं.

तो देश म्हणजे आइसलँड. माझी एकुलती एक लेक तिथे असते. रत्नागिरीला फिशरीजच्या कॉलेजात शिकली, पुढचं शिकायला म्हणून गेली आणि मग तिथल्याच एका मासळीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या कराराने लागली. आम्ही दोघं रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत, डोंगराच्या कडेच्या एका गावात. माझे मिस्टर आंब्याची कलमं आणि थोडंसं भात बघतात. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की आइसलँडमध्ये ज्वालामुखी आणि हिमनद्या एकाच बेटावर आढळतात. दोन्ही लिहिलं तर चार मार्क, एकच लिहिलं तर दोन. आपलीच मुलगी एक दिवस त्या चार मार्कांच्या उत्तरात जाऊन राहील, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जानेवारीपासूनच तिथली जमीन फुगत होती. म्हणजे खरोखरच फुगत होती, खाली तप्त शिलारस साठत होता आणि शास्त्रज्ञ रोज तिची उंची मोजून सांगत होते. लेकीच्या गावापासून ती जागा पाली ते रत्नागिरी एवढ्याच, वीसेक किलोमीटर अंतरावर. ती म्हणायची, "आई, आम्हाला काही होत नाही गं. इथे लोक चहाचा कप हलला तर फक्त वर बघतात." मला कपाचं कौतुक नव्हतं. मी फोनवर तो डोंगर चोवीस तास दाखवणारा कॅमेरा शोधून काढला. कुकर लावला की कॅमेरा, धुणं वाळत घातलं की कॅमेरा. त्यात दिसायचं काय, तर काळी जमीन आणि धुकं. पण बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. शाळेत दर अर्ध्या तासाने घंटा व्हायची, तशी ती सवय अंगाला लागली.

एक एप्रिलला दुपारचा चहा ठेवला होता. फोन उघडला तर पडद्यावर नारिंगी रेघ. मी ओरडले. मिस्टर अंगणात आंब्याच्या पेट्यांना गवत घालत होते, ते धावत आले, बघितलं आणि म्हणाले, "अगो, आज एक एप्रिल हाय. कुणीतरी चेष्टा केली असंल."

चेष्टा नव्हती. समुद्राकाठचं एक अख्खं मच्छीमार गाव रिकामं केलं होतं. गावाभोवती लाव्हा अडवायला घातलेल्या मातीच्या बांधाच्याही आत एक भेग गेली होती. तिथे सकाळच्या चहाची सुट्टी होती. लेकीला फोन लावला तर ती डबा खात होती. "वास येतोय थोडा, दिवाळीतल्या फटाक्यांसारखा," म्हणाली. मी म्हटलं, "खिडक्या लाव." ती म्हणाली, "आई, मी मासळीच्या कारखान्यात आहे. इथे तो वास बरा वाटतोय." आणि हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात पुन्हा काळी जमीन आणि धूर. झालं, संपलं. माझा चहा मात्र त्या दिवशी पातेल्याला लागून गेला होता आणि ते पातेलं घासायला मला दोन दिवस लागले.

मे महिन्यात तिथे म्हणे अभूतपूर्व उष्मा झाला. लोक अर्ध्या कपड्यांत गवतावर पडलेले. तापमान ऐकलं, तर तेवढ्याला आमच्याकडे माणसं शाल शोधतात. तेही मी चौकटीत लिहिलं: 'अढी घातली. तिथे गरमी.' मिस्टर वाचून म्हणाले, "तू इथं राहतेस का तिथं?" मलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

जुलैत तो पुन्हा फुटला. आमच्याकडे लावणीचे दिवस, चार दिवस वीज नाही, टॉवर बंद. शेजारणीच्या फोनला कधीतरी एक काडी रेंज यायची, तिने कुठल्याशा बातमीत दोन ओळी वाचल्या आणि मला हाक मारून सांगितल्या. झालं, मी छत्री घेतली, एसटी पकडली आणि पालीच्या बाजारात उतरले. रेंज मिळाली ती एका भुसारी दुकानाच्या पागोळ्यांखाली. मी डोक्यावर छत्री धरून उभी, खांद्यावरून पाणी गळतंय, आणि हातातल्या फोनमध्ये आगीची भिंत. दुकानदार म्हणाला, "बाई, पिक्चर बघायला एवढ्या पावसात आलात?" मी म्हटलं, "माझी मुलगी आहे यात." त्याने बिचाऱ्याने लगेच स्टूल दिलं. लेकीचा मेसेज आलेला होता: हवेत गॅस आहे म्हणून घरात बसलोय, मी लाडू करतेय. मला इतका संताप आला की ते लाडू मी कधीच विसरले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एवढी जीव टांगणीला लावणारी मी, पण तिला कधी 'परत ये' म्हटलं नव्हतं. माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "तुला योग्य वाटेल ते कर." दहावीनंतर तिने शाखा निवडली तेव्हा मी ते म्हटलं. तिने एक चांगलं स्थळ नाकारलं तेव्हा म्हटलं. परदेशी निघाली तेव्हा विमानतळावरही म्हटलं. माझ्या आईने माझं सगळं तिच्या मनाप्रमाणे ठरवलं होतं, म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या मुलीचं मी काहीच ठरवणार नाही. या वाक्याचा मला अभिमान होता. मी स्वतःला फार सुधारलेली समजायचे.

सप्टेंबर सरता सरता तिचा फोन आला. आमच्या संध्याकाळच्या सहाला, म्हणजे तिच्या जेवणाच्या सुट्टीत, आमचं रोज बोलणं व्हायचं. म्हणाली, "आई, कारखान्याने कायमची नोकरी देऊ केलीय. ऑक्टोबर संपायच्या आत हो की नाही सांगायचंय. हो म्हटलं तर मग इथलंच सगळं. नाही म्हटलं तर डिसेंबरात घरी."

"मग?"

"माझं ठरत नाहीये. तू सांग ना."

"तुला योग्य वाटेल ते कर," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरं. मग देवीला कौल लाव. ती सांगेल ते मी करीन."

आमच्या गावात कौल कशालाही लावतात. विहीर कुठे खणायची, लग्न कुठे जमवायचं, आजारी माणसाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं. ग्रामदेवीच्या पाषाणावर गुरव दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. माझी सासू कौल लावल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नसे. मी शाळेत विज्ञान मंडळ चालवलेली बाई. पाकळी का पडते, तर पाणी सुकतं म्हणून, हे मी मुलांना सांगितलेलं आहे. पण त्या संध्याकाळी मला हायसं वाटलं. पाकळीने सांगितलं असतं तर मला सांगावं लागणार नव्हतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी मी देवळात गेले. मिस्टर बागेत गवत काढायला गड्यांबरोबर गेले होते. देवळात गुरव आणि मी, दोघंच. गुरव वयाने मिस्टरांच्या बरोबरीचे, लेकीला लहानपणापासून ओळखणारे, ती त्यांना काका म्हणते. त्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सुरू केलं, "बाय माझे आई, तुझा लेकरू लांब सातासमुद्रापल्याड हाय. तिथंच ऱ्हवावा असा तुझ्या मनात असंल तर उजवा दे, घरी यावा असा असंल तर डावा दे. काय चुकलामाकला असंल तर पदरात घे..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली पडली. एवढ्या लवकर कौल झालेला मी कधी पाहिला नव्हता. डावी जागच्या जागी घट्ट.

"झाला बाई," गुरव खूश होऊन म्हणाले. "उजवा दिलान. पोरगी तिथंच सुखी हाय."

मला देवीचा राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. तुझं काय जातंय, असं मनात म्हणाले. तू इथे मांडी घालून बसली आहेस, पंचक्रोशी तुझ्या पाया पडायला येते, माझ्या घरात संध्याकाळी कोण येतं? ज्वालामुखीची भीती वगैरे सगळं ठीक होतं, पण तेव्हा मला कळलं की मला भीती डोंगराची नव्हतीच. मला माझी मुलगी हवी होती. ओट्यावर बसून माझ्या हातातलं खोबरं चोरून खाणारी हवी होती.

घरी येताना बागेच्या दगडी गडग्याजवळ मिस्टर भेटले. कोयता खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय झाला?"

"डावा," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला आणि मग मागे घेता येईना. त्यांनी टोपी काढली, देवळाच्या दिशेने हात जोडले आणि पुन्हा गवत काढायला वाकले. पाठमोरे होते, पण खांद्यांवरूनच कळत होतं की माणूस हसतोय.

संध्याकाळी सहाला लेकीलाही तेच सांगितलं. "डावा पडला. घरी ये म्हणतेय देवी."

ती हळूच म्हणाली, "बरं आई. येते मग."

मला हवं होतं ते मिळालं होतं. आता सुखाने झोपावं की नाही? पण त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. फ्रीज उघडून काय हवं होतं ते विसरून उभी राहायची. झाडलेलं घर पुन्हा झाडायची. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चुकायची, भाताचा गिचका व्हायचा. आणि ह्यांनी तर कमालच केली. ज्या माणसाला वर्षभर 'खिडकीचं दार दुरुस्त करा' म्हणून सांगते, त्याने रत्नागिरीहून रंगाचे डबे आणले आणि लेकीची खोली स्वतः रंगवायला घेतली. पिवळा रंग, तिला आवडतो म्हणून. ब्रश मारताना गुणगुणायचे. प्रत्येक सूर माझ्या पाठीत बसायचा.

त्याच महिन्यात आइसलँडमध्ये पहिल्यांदा डास सापडले. जगात डास नसलेले देश एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला तो एक, आणि आता तिथेही सापडले. लेकीने बातमी पाठवून लिहिलं: 'बघ आई, कोकण माझ्या मागे आलं.' मी ते वाचून हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. चौकटीत लिहिलं: 'तिथे डास.'

दिवाळीत तिने व्हिडिओवर चकल्या बघितल्या. "डिसेंबरात करशील ना पुन्हा?" म्हणाली. अगदी सहज म्हणाली. मी 'हो' म्हटलं आणि कढईकडे वळले.

दिवाळीनंतर दोनच दिवसांनी तिथे बायकांचा बंद होता. पन्नास वर्षांपूर्वी त्या देशातल्या बायकांनी एक दिवस घरातलं आणि बाहेरचं सगळं काम थांबवलं होतं, त्याची आठवण म्हणून पुन्हा. लेक कारखान्यातल्या बायकांबरोबर राजधानीत गेली होती. तिथून व्हिडिओ कॉल केला. मागे हजारो बायका, लोकरीच्या टोप्या, गाणी. तिचे गाल थंडीने लाल झालेले. "आई, आज आमच्या साहेबाने स्वतः मासे तपासले," ती ओरडून सांगत होती. "सगळे चुकीचे!" तिला इतकी मोकळी हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मग गर्दीतून बाजूला येऊन म्हणाली, "इथे मी कितीही वाजता एकटी चालत घरी येते. मागे वळून बघत नाही. ती सवयच गेली गं." असं म्हणाली आणि जीभ चावली, नको ते बोलल्यासारखी. "जाऊ दे. येतेच आहे मी."

त्या 'येतेच आहे' ने माझं राहिलंसाहिलं बळ गेलं. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल पेनाने चुका दाखवल्या. आपली एवढी ढळढळीत चूक दिसत असताना मी तिच्यावर बसून होते, आणि वर देवीचं नाव लावलं होतं. चार दिवस असेच काढले. महिना संपत आला होता. पाचव्या दिवशी सकाळी मी नारळ घेतला आणि देवळात गेले.

गुरव गाभारा झाडत होते. मी नारळ पुढे केला आणि म्हटलं, "गाऱ्हाणं घाला. माझ्याकडून चूक झालीय. कौल उजवा पडला होता, मी घरी डावा सांगितला."

गुरवांनी केरसुणी खाली ठेवली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते गोंधळले. "म्हंजे? पोरीला तर ठावं हाय. त्याच दुपारी तिचा फोन आलेला मला. काका, कुठला पडला, म्हणून इचारलान. धीर निघत नव्हता तिला. मी सांगितला, उजवा. तुमाला नाय बोलली ती?"

मी देवळाच्या पायरीवर बसले. म्हणजे संध्याकाळी मी 'डावा' म्हणाले तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती माझं खोटं ऐकून घेत होती. आणि तरी 'येते' म्हणाली होती. तीन आठवडे आम्ही दोघी रोज सहाला एकमेकींना फसवत होतो, आणि त्यात फक्त मलाच वाटत होतं की फसवणारी मी एकटी. गुरवांनी काय गाऱ्हाणं घातलं ते माझ्या कानात शिरलंच नाही.

सहा वाजायला त्या दिवशी युगं लागली. व्हिडिओ लागला तर तिच्या खिडकीबाहेर सगळं पांढरं. ऑक्टोबरात इतका बर्फ कुणी पाहिला नव्हता, अर्ध्या गाड्या अडकल्यात, असं ती सांगायला लागली. मी तिला बोलू दिलं नाही.

"उजवा पडला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग येते का म्हणालीस?"

ती खाली बघत होती. "आई, मला देवीचा कौल नको होता. तुझा हवा होता. तू कधी सांगतच नाहीस. शाखा निवडताना नाही, लग्नाच्या वेळी नाही, इथे येताना नाही. सगळ्यांच्या आया म्हणतात जाऊ नको, तू म्हणालीस योग्य वाटेल ते कर. विमानात मी विचार करत होते, हिला मी हवी आहे की नाही? आणि मग तू पहिल्यांदा 'ये' म्हणालीस. खोटं बोलून का होईना, म्हणालीस. मी कशी नाही म्हणू?"

माझ्या अभिमानाचं वाक्य तिच्या घशात इतकी वर्षं काट्यासारखं अडकलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"राहायचंय," ती म्हणाली. मग घाईने, "पण तू म्हणालीस तर येईन. आणि रागावणार नाही, खरंच."

तेच जुनं वाक्य पुन्हा जिभेवर आलं. तुला योग्य वाटेल ते. मी ते गिळलं. "ऐक," मी म्हटलं. "मला तू इथे हवी आहेस. रोज हवी आहेस. तुझ्याशिवाय हे घर मला खायला उठतं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, माझं चुकलं. आणि आता दुसरं ऐक. तू तिथेच राहा. योग्य वाटतं म्हणून नाही. मी सांगते म्हणून राहा."

ती रडायला लागली. मीही. तिच्या जेवणाची सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच फोन धरून बसलो.

फोन ठेवून वळले तर दारात मिस्टर. हातात पिवळा ब्रश. किती ऐकलं होतं देव जाणे. मी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले." ते खोलीकडे बघत राहिले, अजून एक भिंत बाकी होती. ब्रशवरचा रंग फरशीवर ठिबकत होता. मग म्हणाले, "मे म्हयन्यात आंब्याला तरी येल ना?" मी मान हलवली. "मग पुरी करतंय ही भिंत," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी मात्र ते गुणगुणले नाहीत.

मी कॅलेंडरापाशी गेले. त्या दिवसाच्या चौकटीत सकाळीच लिहिलं होतं: 'गॅस लावला.' त्याखाली मी लिहिलं, 'लेक तिथेच राहणार. देवीने सांगितलं.' वाचलं. मग दप्तरातलं जुनं लाल पेन शोधून आणलं, शेवटचे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मी सांगितलं.'